तारा फाटतो तेव्हां



आजच्या भाषणाला मीं इतिहासाचें नांव दिलें आहे आणि विषय मात्र ताऱ्यांचा घेतला आहे. ऐकणारांस यांत कांहीं विसंगति वाटेल. इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि सनदा डोळ्यांपुढें येतात. तारे हा ज्योतिःशास्त्राचा प्रांत. परंतु जुना कागद हातांत घेऊन तो केव्हां लिहिला गेला, कोणीं लिहिला, त्यांतलें खरें किती आणि मागून घातलेली भर किती, हें ठरविणें यालाच जर इतिहास म्हणावयाचें, तर आकाशाचा अभ्यासकही इतिहासकारच होय. प्रकाश हा त्याचा कागद. आमचीं दफ्तरें रुमालांत बांधून ठेवतां येतात. त्याचा कागद कित्येकदां थोड्या महिन्यांत विरून जातो आणि पुन्हां मागवितां येत नाहीं. अशाच एका प्रकारच्या कागदाविषयीं, म्हणजे प्रचंड कृष्णविवरांनीं फाडलेल्या ताऱ्यांच्या अंतकाळच्या उजेडाविषयीं, मी आज बोलणार आहें.

प्रथम आमच्या मुलुखाकडे वळतों. पूर्वींच्या चांदा जिल्ह्याचे १९८२ सालीं चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. येथें जमिनीच्या पोटांतच एक दफ्तर आहे. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथील खाणींतून निघणारा दगडी कोळसा म्हणजे सुमारें २८ कोटि वर्षांपूर्वींच्या एका अरण्याचा अवशेष होय. त्या काळीं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाकडील भूमि हीं सर्व एकत्र जोडलेलीं होतीं. त्या जोडखंडाला जगांतले भूगर्भवेत्ते 'गोंडवन' म्हणतात, आणि तें नांव गोंडांच्या देशावरून, म्हणजे आमच्याच वनप्रदेशावरून पडलें आहे. २८ कोटींचा हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो कामास येईल.

आतां कृष्णविवराकडे येऊं. मराठी वाचकांच्या घरांत हा शब्द रुळविण्यांत डॉ. जयंत नारळीकर यांचा वाटा मोठा. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' नांवाच्या गोष्टीला पहिलें बक्षीस मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. तें नारळीकरांनींच आपलीं आद्याक्षरें उलटीं करून घेतलें होतें. मे २०२५ मध्यें ते निवर्तले. पण त्यांची ती गोष्ट वाचून आकाशाकडे वळलेले वाचक आज घरोघरीं सांपडतील.

कल्पना मात्र याहून फार जुनी आहे. पृथ्वीवरून फेंकलेला दगड पुन्हां खालीं येऊं नये असें वाटत असेल, तर त्याला सेकंदाला सुमारें ११ किलोमीटर वेग द्यावा लागतो. तारा जितका भारी आणि आटोपशीर, तितका हा वेग वाढत जातो. १७८३ सालीं जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्यानें असा हिशेब मांडला कीं, सूर्याइतक्याच घनतेचा पण त्याच्या पांचशेंपट व्यासाचा तारा असेल, तर त्याच्यावरून प्रकाशालाही निसटतां येणार नाहीं. असा तारा आपणांस दिसणार नाहीं, हेंही त्यानें ओळखलें. आणि त्याच्याभोंवतीं फिरणारा दुसरा तारा असेल तर त्याच्या चालीवरून अदृश्य सोबत्याचा पत्ता लागेल, असेंही त्यानें लिहून ठेवलें. शेजाऱ्याच्या साक्षीनें न दिसणाऱ्याचा छडा लावावयाचा, ही युक्ति पुढें सव्वादोनशें वर्षें शास्त्राला पुरली.

मधला इतिहास थोडक्यांत सांगतों. १७९६ त लाप्लास या फ्रेंच पंडितानें हीच कल्पना स्वतंत्रपणें मांडली. १९१५ त आइनस्टाइन यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पुरा झाला आणि लगेच १९१६ त जर्मन सैन्याबरोबर रशियाच्या आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्त्सशील्ड यांनीं त्याचें पहिलें तंतोतंत उत्तर काढलें. १९३० त विलायतेच्या बोटीवर असतांना एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं दाखविलें कीं, विझत्या ताऱ्याचें वजन एका मर्यादेपलीकडे असेल तर त्याला श्वेत बटु म्हणून स्वस्थ राहतां येत नाहीं. १९३९ त ओपेनहायमर आणि स्नायडर यांनीं ताऱ्याच्या अखंड कोसळण्याचें गणित मांडलें. १९६३ त मार्टेन श्मिट यांना अति दूरचे, तरीही विलक्षण तेजस्वी असे क्वेसार ओळखतां आले. आणि १९६९ त डोनाल्ड लिंडन-बेल यांनीं प्रतिपादन केलें कीं, दीर्घिकांच्या मध्यभागीं कोट्यवधि सूर्यांच्या वजनाचीं विवरें असलीं पाहिजेत.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागींही असें एक विवर आहे. तें सुमारें २७ हजार प्रकाशवर्षें दूर असून त्याचें वजन ४० लक्ष सूर्यांइतकें आहे. त्याची दिशा धनु राशींत, मूळ नक्षत्राच्या शेजारीं आहे. वैशाखांत उत्तररात्रीं दक्षिणेकडे तोंड करून उभें राहिल्यास आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा दिसतो, तीच ती जागा. त्याच्याभोंवतीं गरगर फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षें मोजून राइनहार्ड गेंत्सेल आणि आंद्रेआ गेझ यांनीं त्याचें वजन काढलें आणि २०२० सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. मिचेलची युक्ति ती हीच.

परंतु बहुतेक दीर्घिका इतक्या दूर आहेत कीं, तेथें एकेक तारा वेगळा दिसत नाहीं. विवराच्या भोंवतीं वायु नसेल तर तें अंधारांत गप्प बसून राहतें. मग त्याचा पत्ता लागावा कसा? त्याला उत्तर सांपडलें तें एखाद्या दुर्दैवी ताऱ्याच्या मरणांत.

समुद्राला भरती कां येते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. चंद्राच्या बाजूच्या पाण्यावर चंद्राची ओढ अधिक, पृथ्वीच्या मध्यावर कमी, पलीकडच्या अंगास आणखी कमी. ओढींतली ही तफावत पृथ्वीला किंचित् लांबट करूं पाहते, आणि भरती तिच्यामुळें येते. हीच तफावत प्रबळ झाली तर काय होईल, याचा हिशेब एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञानें १८४८ त केला. त्याचें प्रत्यक्ष उदाहरण आपल्या पिढीनें पाहिलें आहे. शूमेकर-लेव्ही नांवाचा धूमकेतु १९९२ त गुरूच्या फार जवळून गेला, गुरूच्या भरतीबळानें त्याचे वीसहून अधिक तुकडे झाले, आणि जुलै १९९४ मध्यें ते तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले.

गुरूच्या ठिकाणीं ४० लक्ष सूर्यांचें विवर ठेवा आणि धूमकेतूच्या ठिकाणीं सूर्यासारखा तारा ठेवा. विवरापासून सुमारें ११ कोटि किलोमीटरांवर तारा आला कीं त्याची स्वतःची ओढ त्याला एकत्र धरून ठेवण्यास अपुरी पडते. शेवया ओढाव्या तसा तो लांबत जातो आणि फाटतो. जेथून प्रकाश परत येत नाहीं ती विवराची वेस त्या वेळीं अद्याप बरीच आंत, सुमारें १ कोटि २० लक्ष किलोमीटरांवर असते. म्हणजे ताऱ्याचा नाश विवराच्या बाहेर होतो, आणि म्हणूनच तो दिसूं शकतो.

येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. विवर जितकें मोठें तितका उजेड मोठा, असें कोणासही वाटेल. पण तसें होत नाहीं. विवराचें वजन वाढलें कीं त्याची वेस भरतीच्या मर्यादेपेक्षां लवकर वाढते. सुमारें १० कोटि सूर्यांच्या पुढें गेल्यावर सूर्यासारखा तारा वेशीच्या आंत गेल्यावरच फाटतो आणि बाहेर ठिणगीही दिसत नाहीं. तेव्हां अशा उजेडाची नुसती नोंद झाली, तरी त्या विवराच्या वजनाविषयीं कांहीं कळून येतें.

तारे असे फाटत असावेत, हा विचार १९७५ त जॅक हिल्स यांनीं मांडला आणि १९८८ त मार्टिन रीस यांनीं त्याला नीट आकार दिला. फाटलेल्या ताऱ्याचा सुमारें अर्धा भाग अवकाशांत फेंकला जातो. उरलेला अर्धा लांब वळसा घेऊन विवराकडे परततो, त्याच्याभोंवतीं चक्राकार फिरूं लागतो, तापतो आणि सबंध दीर्घिकेला मागें टाकील इतका प्रकाश देतो. परतणाऱ्या वायूचा ओघ ठराविक रीतीनें ओसरतो. काळ आठपट झाला कीं ओघ बत्तिसाव्या हिश्शावर येतो. नवतारे आणि इतर स्फोट यांचें ओसरणें निराळ्या तऱ्हेचें असतें. म्हणून ही उतरती रेघ म्हणजे जणूं कागदावरची मोहोर. तीवरून खरा कागद ओळखावयाचा.

अडचण होती ती दुर्मिळतेची. एका दीर्घिकेंत अशी घटना दहा हजार ते एक लक्ष वर्षांत एखादेवेळीं घडते. एकाच दीर्घिकेकडे पाहत बसणारास शंभर पिढ्यांतही कांहीं दिसावयाचें नाहीं. पण लक्षावधि दीर्घिकांवर एकदम नजर ठेवली तर वर्षांत कांहीं तरी हातीं लागेलच. शाळेंत हजेरी घ्यावी तशी आकाशाची रोज हजेरी घेतली पाहिजे. काल होता तो आज आहे काय, काल नव्हता असा आज कोणी आला आहे काय?

पहिल्या खुणा क्ष-किरणांत मिळाल्या. १९९० त सोडलेल्या 'रोसॅट' या उपग्रहानें कांहीं शांत दीर्घिकांच्या मध्यभागीं भडकून मावळलेले क्ष-किरण नोंदले होते. २००४ त 'चंद्रा' आणि 'एक्स्‌-एम्‌-एम्‌ न्यूटन' या अंतराळांतील दुर्बिणींनीं त्यांतील एकाचा पाठपुरावा करून ताऱ्याच्या विदारणाचा भक्कम पुरावा पुढें आणला. यांतील 'चंद्रा' हें नांव त्याच चंद्रशेखरांचें.

आतां आमच्या कोळशाचा आंकडा आठवा. २२ नोव्हेंबर २०१४ रोजीं 'अ‍ॅसासिन' नांवाच्या आकाशपाहणीनें अशी एक ज्योत टिपली. या पाहणींतील भिंगें अवघीं १४ सेंटिमीटर रुंदीचीं आहेत. ती दीर्घिका सुमारें २९ कोटि प्रकाशवर्षें दूर. याचा अर्थ असा कीं, बल्लारपूर-घुग्घुसच्या कोळशाचें अरण्य ज्या युगांत हिरवेंगार होतें, त्याच युगांत हा प्रकाश तेथून निघाला. इकडे तें अरण्य गाडलें गेलें, दगड झालें. जोडखंड फुटला, भारतभूमि उत्तरेकडे सरकली, हिमालय उभा राहिला. शेवटीं माणूस आला आणि त्यानें भिंगें घांसलीं. तोंवर तो प्रकाश वाटेंतच होता. आणि ज्या वर्षीं तो पोंचला, त्या वर्षीं कोणी तरी हजेरी घेत होतें म्हणून त्याची नोंद झाली.

या हजेरीच्या शास्त्रांत एका महाराष्ट्रांत जन्मलेल्या गृहस्थाचें नांव अग्रभागीं आहे. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाड येथें झाला. शिक्षण हुबळी, दिल्ली आणि पुढें अमेरिकेंत. कॅलिफोर्नियांतील पालोमार पर्वतावर १९४८ पासून ४८ इंची दुर्बीण आहे. तिच्यावर त्यांच्या नेतृत्वाखालीं प्रथम २००९ त एक पाहणी झाली आणि २०१८ पासून 'झ्विकी' पाहणी सुरू झाली. हिचा कॅमेरा दोनशेंहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढें आकाश एका चित्रांत घेतो. यंत्र कालचें चित्र आजच्या चित्रांतून वजा करतें; जें उरतें तें नवें. या कार्याबद्दल कुलकर्णी यांना २०२४ चें शॉ पारितोषिक देण्यांत आलें.

११ फेब्रुवारी २०२२ रोजीं झ्विकीच्या या वजाबाकींत एक प्रकाशबिंदु उरला. त्याला 'ए. टी. २०२२ सी. एम्‌. सी.' असें रूक्ष नांव मिळालें. हा काय असावा, याविषयीं प्रथम तर्क होते. कदाचित् गॅमा-किरणांच्या स्फोटाचा मागें राहिलेला उजेड असेल, असें वाटलें. मग साक्षी गोळा होऊं लागल्या. अंतराळस्थानकावरील उपकरणानें क्ष-किरण मोजले. चिलीमधील मोठ्या दुर्बिणीनें अंतर काढलें. लडाखमध्यें हानले येथें, सुमारें साडेचार हजार मीटर उंचीवर, मुंबईची आय्‌. आय्‌. टी. आणि भारतीय खभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटर आरशाची स्वयंचलित दुर्बीण आहे. तिनें तो बिंदु टिपला. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीनेंही त्याचा मागोवा घेतला. सर्वांच्या साक्षी जुळवून ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका प्रचंड विवरानें तारा फाडला होता, आणि त्या विवरांतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें निघालेला झोत नेमका आपल्या दिशेला रोखलेला होता. असे झोत फार थोड्या विदारणांत निघतात. २०११ त 'स्विफ्ट' उपग्रहानें असा एक पाहिला होता. दृश्य प्रकाशाच्या पाहणींत प्रथम सांपडलेला असा हा पहिलाच.

त्या प्रकाशाला येथें पोंचण्यास सुमारें ८५० कोटि वर्षें लागलीं. आपल्या सूर्याचें वय ४६० कोटि वर्षें. म्हणजे तो निघाला तेव्हां सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती, आणि पाहणारे डोळे उत्पन्न होतील असें सांगणारें कोणी नव्हतें.

या नोंदीनंतर बरोबर पन्नास दिवसांनीं, २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या रात्रीं पावणेआठच्या सुमारास, चंद्रपूर जिल्ह्याच्या आकाशांतून जळते गोळे आडवे गेले. महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश येथील पुष्कळ गांवांतून ते दिसले. सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी येथें माणसाच्या उंचीहून मोठी धातूची कडी येऊन पडली, आणि परिसरांत धातूचे पोकळ गोळेही सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. लोक अर्थातच घाबरले. कोणी उल्कापात म्हटलें, कोणी उपग्रह म्हटलें. किती वाजतां, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला, किती वेळ, हें जेव्हां जुळवून पाहिलें तेव्हां फेब्रुवारी २०२१ मध्यें सुटलेल्या चीनच्या 'लाँग मार्च' जातीच्या अग्निबाणाचा हा राहिलेला टप्पा असावा, असा अभ्यासकांनीं निर्वाळा दिला.

दोन घटनांत साम्य तें काय, असें कोणी विचारील. एक थोड्या क्षणांची आणि डोक्यावरची. दुसरी साडेआठशें कोटि वर्षांमागची. परंतु सत्य ठरविण्याची रीति दोहोंत एकच आहे. पाहिलेलें आणि मानलेलें वेगळें ठेवणें, वेळ आणि दिशा लिहिणें, दुसऱ्या ठिकाणच्या साक्षीशीं पडताळणें, न जुळणारीं स्पष्टीकरणें एकेक करून बाद करणें. पालोमारच्या यंत्रानें जें केलें तेंच, हातांत घड्याळ असलेला सिंदेवाहीचा एखादा विद्यार्थीही करूं शकतो. रात्रीं कांहीं भयप्रद दिसलें असतां भीतीच्या जागीं टिपण ठेवणें, हें शिक्षणाचें मोठें फळ मी मानतों. चाळीसएक वर्षें मुलांना गणित शिकविल्यावर माझें हें मत अधिकच पक्कें झालें आहे.

आकाशाकडे नीट पाहण्याची परंपरा आमच्या अरण्यांत नवी नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनीं महाराष्ट्र, मध्यप्रदेश आणि आंध्र येथील सुमारें १५ गोंड खेड्यांत हिंडून गोंडांच्या तारकाज्ञानाचा अभ्यास केला आणि तो २०१३ त प्रसिद्ध केला. आपण ज्याला सप्तर्षि म्हणतों त्यांत गोंड लोक खाट आणि तिच्या मागें लागलेले चोर पाहतात; मृगाच्या ताऱ्यांत त्यांना नांगर दिसतो. हें आकाश त्यांचें स्वतःचें, शतकानुशतकें अंधाऱ्या रात्रीं डोळ्यांनीं वाचलेलें.

त्या अंधाराविषयींच एक शब्द बोलून संपवितों. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. २८ कोटि वर्षांपूर्वींचें तें अरण्य तेथें जळतें आणि त्याच्या उजेडांत महाराष्ट्राचीं शहरें उजळतात. तो उजेड वाईट आहे, असें मी म्हणणार नाहीं. दिव्यावांचून अभ्यास करणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. पण त्या उजेडाचा बराच हिस्सा रस्त्यावर न पडतां फुकट आभाळांत जातो आणि तारे पुसून टाकतो. जमिनीचें दफ्तर जाळून आकाशाचें दफ्तर वाचेनासें करणें, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. दिव्यांना वरून झांकण घालावें आणि प्रकाश खालीं वळवावा, इतक्यानेंही पुष्कळ साधेल. नागपूर जिल्ह्यांतील पेंच अभयारण्याला जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. जें पेंचला झालें तें ताडोबाच्या कांठीं किंवा भामरागडच्या रानांत होण्यास निसर्गाची आडकाठी नाहीं.

आकाशांतून कागद येतच राहणार. कांहीं वाटेंत आहेत. कांहीं अशा ताऱ्यांचे आहेत कीं जे फाटून कोट्यवधि वर्षें लोटलीं. ते ज्या रात्रीं पोंचतील त्या रात्रीं येथें कोणी जागें असावें, त्याच्यावरचें आकाश काळें असावें, आणि त्याच्याजवळ वही असावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.